जप्तीचं कपाट

“तीन हेलपाट्यांची फी? अरे, आज पहिल्यांदा तू ह्या दारात उभा राहतोयस!” कुशाबानं बेलिफाची कॉलर धरली आणि त्याला दाराच्या चौकटीवर आपटलं.

राधाबाईला बेलिफाची पर्वा नव्हती. ती मागं, खोलीतल्या कपाटाकडं बघत होती. त्या कपाटात तिचा पोरगा भिवा होता.

परवा लालबागला मोर्चावर गोळी चालली, ती भिवाच्या मांडीत शिरली. दोस्तांनी त्याला कसंबसं काळाचौकीत घरी आणून टाकलं. आता पाय सुजून काळा पडत चालला होता, ताप उतरत नव्हता. डॉक्टर आणायची सोय नव्हती. नाक्यावर पोलिसांनी दोर बांधला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याची पिशवीसुद्धा ते उघडून बघत होते. मोर्चातल्या पोरांसाठी घरोघर झडती चालली होती. ती शेजारच्या गल्लीपर्यंत आली होती. कुशाबा सुतार माणूस. त्यानं कपाटाचे कप्पे काढले, हवेसाठी मागची फळी सैल केली आणि पोराला आत बसवलं.

अशा दिवशी माणसानं बेलिफाच्या हातावर मुकाट पैसे ठेवावेत की नाही? थकलेल्या घरपट्टीचे पैसे कुशाबाच्या बंडीत होते. त्यासाठी राधाबाईनं मंगळसूत्राच्या वाट्या मोडल्या होत्या. सकाळी तो भरायला म्हणून कचेरीत गेला आणि पैसे तसेच परत घेऊन आला, वर भांडण घेऊन आला. म्हणे, बेलिफाची फी अन्यायाची आहे! जन्मभर हा माणूस असाच. पुडीत एक खिळा कमी निघाला तरी दुकानदाराशी तास तास हुज्जत घालायचा.

“अहो, द्या ना त्यांना काय मागतात ते. पाया पडते तुमच्या.”

“तू गप बस! घरपट्टी देईन. ह्याच्या खोट्या हेलपाट्यांची दमडी देणार न्हाई.”

बेलिफ हेरंबरावांनी कॉलर सारखी केली. सणासुदीला लोकांच्या घागरी उचलून नेणारा माणूस, वस्तीतली बाया-माणसं त्याच्या नावानं बोटं मोडायची. “आता हमालीही चढेल,” ते थंडपणे म्हणाले. “ते कपाट घ्या रे.”

दोन हमाल आत घुसले. राधाबाई कपाटाला पाठ लावून उभी राहिली.

“हे नको! भांडी न्या. माझं शिलाईचं मशीन न्या!”

“लाकूड चांगलं आहे. हेच.” हेरंबरावांनी तिला बाजूला ढकललं. दोन्ही दारांवरून सुतळी आवळली, गाठीवर लाख ओतली आणि शिक्का दाबला. “आतलं सामान कचेरीत मोजू. उभंच न्या, खिळखिळं झालंय.”

कुशाबानं रंधा उचलला आणि बेलिफाच्या तोंडावर हाणला.

दात तुटल्याचा आवाज आला. हेरंबराव रक्त थुंकत ओट्यावर कोसळले. हमाल कुशाबावर तुटून पडले. त्यानं सागवानी पट्टी फिरवली आणि एकाच्या कानशिलातून रक्ताची धार लागली. गल्ली गोळा झाली. कुणी बेलिफाला लाथ घातली, वरच्या मजल्यावरून दगड आला. आणि शिट्ट्या वाजवत पोलीस धावले.

मग लाठ्या पडायला लागल्या. खांद्यावर, पाठीवर, डोक्यावर. कुशाबाचा हात कोपरापाशी कडकन मोडला तरी तो बेलिफाला आईवरून शिव्या देतच होता. राधाबाईला त्या क्षणी त्याची कीव आली नाही. मारा अजून, असंच तिला वाटलं.

फौजदारानं कपाटावर छडी आपटली. “ह्यात काय आहे?”



“जप्तीचा माल,” हेरंबराव तोंडाला रुमाल दाबून म्हणाले. “सील लागलंय, साहेब. फोडायचं तर तुम्ही लिहून द्या, तुमच्या जबाबदारीवर फोडलं म्हणून. उद्या एक वाटी कमी भरली तर माझी नोकरी जाईल.”

एक दगड फौजदाराच्या पायाशी येऊन फुटला. “न्या ते लवकर!” तो खेकसला. “दोन शिपाई बरोबर घ्या, नाहीतर हे लोक तुमचा मुडदा पाडतील.”

हातगाडी निघाली. राधाबाईला पोराचं नाव घेऊन हंबरडाही फोडता येईना. ती ‘माझं कपाट, माझं कपाट’ म्हणत गाडीमागं धावली. बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या. एका लाकडी कपाटासाठी इतकं कोण रडतं! नाक्यावर शिपायानं तिला काठीनं मागं लोटलं, दोर खाली केला आणि गाडी पलीकडे गेली.

ती परत आली तोवर तिच्या घराची झडती उरकली होती. डबे उलटे पडले होते, गोधड्या फाटल्या होत्या. पोलीस पुढच्या दारात गेले होते. कुशाबा भिंतीला टेकून बसला होता. एक डोळा मिटला होता, बंडी रक्तानं भिजली होती.

राधाबाईनं दोन्ही मुठींनी त्याची छाती बडवली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला अरेतुरे बोलली.

“चार रुपड्यांच्या फीपायी माझा पोरगा घालवलास! कचेरीत दार उघडतील तेव्हा काय करशील? रांडेच्या, पैसे होते ना रे तुझ्या खिशात!”

त्यानं मार खाल्ला. मग मोडका हात सावरत, दाराबाहेर कुणी नाही असं बघून, हळूच विचारलं, “गाडी दोराच्या पलीकडं गेली?”

“गेली.”

“मग दार लाव,” कुशाबा म्हणाला. “हेरंबरावांच्या घरी डाक्टर सकाळपास्नं बसून हाय.”