झाकणातले आकडे

रंगीत काचांमधून मोजलेल्या सात आकड्यांवरून मापाडीकाका कुठल्याही दिव्याचा आलेख काढत आणि आलेखावरून दिवा ओळखत. आज त्यांनी चुकून दिव्याऐवजी झाकण लावलेल्या यंत्राचेच आकडे भरले.

तरी आलेख उमटला, आणि तो ओळखीचा निघाला. लेक अंधाराला भिणारी, म्हणून सहा वर्षांपूर्वी तिला पुरताना त्यांनी तिचा सेलवरचा दिवा उशाशी लावून ठेवला होता.

आलेखात निळा पार बसला होता, फक्त तांबडा तगून होता. सेल संपत आला की असंच होतं.

“झाकणातले आकडे म्हणजे यंत्राची खोड, काका,” शेजारच्या टेबलावरची बाई हसली. “रोज प्रत्येक दिव्याच्या आकड्यांतून ते डोळे झाकून वजा करता, आज काय बघत बसलात?”

रोज. काकांनी झाकण तसंच ठेवून पुन्हा आकडे घेतले, तोवर तांबडाही शून्यावर आला होता.