दहावा बुधवार

"मारियामाते, वसतिगृह होऊ दे," असं रेजिनाबाई एवढ्या मोठ्याने म्हणायच्या की शेवटच्या बाकावर पेंगणारे आजोबा दचकून "आमेन" म्हणायचे. मग मनातल्या मनात त्या जोडायच्या, "नको होऊ देऊ."

विद्यापीठाच्या मागच्या गेटासमोर चर्च कॅथलिक विद्यार्थ्यांसाठी केंद्र आणि वसतिगृह बांधणार होतं. त्यासाठी फादरांनी नऊ बुधवारांची नोव्हेना, म्हणजे मातेला साकडं घालणारी प्रार्थना, ठेवली आणि प्रार्थना सांगायचं काम रेजिनाबाईंना दिलं. पण त्या जागेशेजारीच त्यांची खानावळ होती. वसतिगृहात जेवण सुरू झालं की आपल्या पंगतीची सोळा पोरं गेलीच, या धास्तीने त्यांना घास गिळवत नव्हता.

नवव्या बुधवारी बांधकामाची परवानगी नाकारल्याचं पत्र आलं. गुडघ्यांसाठी अकरा वर्षं विनवूनही न हललेली माता इथे मात्र झटपट पावली.

दुसऱ्या दिवशी फादर नकाशाची गुंडाळी घेऊन खानावळीत आले. "ठेवा तुमच्याकडे. नाहीतरी हे तुमचंच होतं." तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरावर त्यांनी बोट ठेवलं. "हे तुम्हीच सांभाळणार होतात. शेजारची खोलीही तुमची. तुमच्या गुडघ्यांसाठी एकही पायरी ठेवली नव्हती."

"आधी सांगायचं ना, फादर."

"मंजुरी आली की पेढ्यांबरोबर सांगणार होतो."

पुढच्या बुधवारी रिकाम्या चर्चमध्ये रेजिनाबाई दुखरे गुडघे टेकून बसल्या. शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माते, मोठ्याने म्हटलं होतं, तेवढंच धर."