क्षणभराचा थांबा

फाटकाशी उभ्या असलेल्या शेजारच्या शौनकच्या फालतू विनोदावर मृणाल खळखळून हसली, तेही त्याचं वाक्य संपायच्या आत. चौथ्या मजल्यावरून बघणाऱ्या तिच्या नवऱ्याच्या, हेरंबच्या अंगाचा तिळपापड झाला. घरात त्याने काहीही विचारलं, की ती आधी क्षणभर थांबायची आणि मगच बोलायची.

अपघातानंतर मृणालच्या मेंदूचं बरंचसं काम कवटीतली चिप करत होती. असल्या चिपांच्या गाभ्यात काय काय घडतं त्याची नोंद घेऊन बिघाड हुडकणं, हीच हेरंबची नोकरी. शौनकचा संशय आला तेव्हा त्याने तिला न सांगता आपल्या फोनवरून ती नोंद चालू केली होती. त्याचा फोन तिच्या आसपास असला की नोंद आपोआप सुरू व्हायची. मृणाल बोलण्याआधी थांबायला लागली ती त्यानंतरच, आणि त्याला वाटलं, संशय खराच होता.

ती वर येईपर्यंत त्याने सगळी नोंद चाळली. शौनकचा कुठे मागमूस नव्हता. प्रत्येक थांब्यात चिप एकच काम करत होती, हेरंबसाठी नोंद लिहिण्याचं. सगळंच टिपायला लावलं तर यंत्र अडखळणारच, हे ऑफिसात तोच सगळ्यांना बजावायचा.

ओशाळून त्याने नोंद बंद केली.

मृणाल आत आली. “चहा टाकू?” त्याने विचारलं.

“टाक की! आणि आलं घाल भरपूर,” ती लगेच म्हणाली आणि हसली.

हेरंबही हसला. पातेल्यात पाणी ओतताना त्याच्या मनात आलं, आज एवढी खूश का आहे ही?

ओल्या हातानेच त्याने फोन उचलला.