चौथ्या बॅटरीपर्यंत

“फोटो नीट काढ रे मेल्या! नुसता अंधार दिसतोय.”

तेजस्वी जेटीवरून ओरडली. खाली होडीत, केबिनच्या फळ्यांखाली डोकं खुपसून तिचा धाकटा भाऊ ऋत्विक बॅटऱ्या जोडत होता. जोडायच्या खरं तर तिनंच. रत्नागिरीत सोलरच्या दुकानात ती रोज हेच काम करते. चारही बॅटऱ्या तिनंच सारख्या चार्ज करून जयगडला आणल्या होत्या. पण बाईमाणसानं मच्छीमारीच्या होडीला पाय लावायचा नाही, ही इथली रीत. ह्या नव्या होडीचं नाव ‘गोदूबाई’. ते त्यांच्या आजीचं. आजीनं जन्मभर होडीची मासळी विकली, पण होडीवर कधी पाऊल ठेवलं नाही. म्हणून आता बहीण जेटीवर, भाऊ होडीत आणि मध्ये मोबाईल. काठावर उभं राहून कुणाला पोहायला शिकवावं, तसा सगळा प्रकार चालला होता.

सकाळीच समुद्राला नारळ वाहून झाला होता. भरती भरली की होडी निघणार होती. मालक म्हणून ऋत्विकची ही पहिलीच फेरी.

फोटो आला. चार लिथियम बॅटऱ्या शेजारी शेजारी. प्लसला प्लस, मायनसला मायनस. व्होल्ट बाराच राहतात, पण दिवे चौपट वेळ चालतात. इथवर पोरानं बरोबर केलं होतं. पण दिव्यांकडे जाणाऱ्या दोन्ही वायर, लाल आणि काळी, त्यानं पहिल्याच बॅटरीला लावून टाकल्या होत्या.

“काळी काढ तिथून! लाल पहिलीला, काळी चौथीला. तरच चौघी सारखा भार उचलतील. नायतर पहिलीच राबत बसेल.”

“वायर पोचत नाय गो ताई. चालेल असंच.”

चालेल! तेजस्वीच्या अंगावर काटा आला. बाबासुद्धा जन्मभर हेच म्हणत आले. त्यांची जुनी ‘गोदूबाई’ फुटलेल्या अवस्थेत ओढून आणली, तेव्हा होडीतून काढलेली बॅटरीची पेटी तेजस्वीनं स्वतः उघडली होती. दोन्ही वायर पहिलीवर. पहिली राबून राबून गेली, तिचं ओझं बाकीच्यांवर पडलं आणि त्याही एकामागून एक बंद पडल्या. दिवे गेले. अंधारात ही एवढीशी होडी मालवाहू जहाजाला दिसलीच नाही. बाबा सापडले नाहीत. जिवंत परत आला तो एकटा धाकू तांडेल, आणि आज ऋत्विकची होडीही तांडेल म्हणून तोच चालवणार होता.

तिनं पिशवीतून लांब काळी वायर काढली. टेप गुंडाळलेला पाना कमरेला खोचला. आणि सरळ होडीत उडी मारली.

“अगो ए! उतर! उतर आधी!” धाकू तांडेल हातातलं जाळं टाकून जेटीवरून धावत आला. होडीतला रामा खलाशी अंगावर उकळतं पाणी पडल्यासारखा जेटीवर चढला. “मी नाय येत बाबा आता ह्या होडीवर,” त्यानं जाहीर करून टाकलं.

तेजस्वीनं कुणाकडे पाहिलं नाही. मेन स्विच बंद केला. “टॉर्च धर,” ती भावाला म्हणाली. ऋत्विकनं एकदा तांडेलाकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. मग टॉर्च धरला. तांडेलाकडे पाठ करून तो तिच्या शेजारी वाकला.

काळी वायर पहिलीवरून निघाली आणि नवी चौथीवर बसली. नट आवळला. जेटीवर एव्हाना माणसं जमली होती आणि प्रत्येकाला मत होतं. कुणी होडी धुवायला सांगत होतं, कुणी दुसरा नारळ आणायला, कुणी आजची भरती सोडून द्यायला. बॅटऱ्यांबद्दल मात्र कुणीच विचारत नव्हतं.

तिनं स्विच चालू केला. भर उन्हात डोलकाठीवरचा दिवा लख्ख पेटला.

“झालं ना तुजं समाधान?” धाकू तांडेल कडाडला. “आता उतर. बाईचा पाय लागलेली होडी परत येत नाय, पोरी. माज्या बापानं सांगितलंय, आज्यानं सांगितलंय.”

तेजस्वीनं ओढणीला हात पुसले. होडीच्या मधोमध येऊन ती दोन्ही पाय रोवून उभी राहिली. राग तर आला होताच, रडूही येत होतं. तिनं ते गिळलं.

“उतरते, काका. पण एक सांगा. आमची पहिली ‘गोदूबाई’ बाबांना घेऊन परत आली नाय, तेव्हा तुम्ही होतात तिच्यावर. तिला कुठल्या बाईचा पाय लागला होता?”