चूप पडून राहा

हेमेंद्र एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला होता. वॉर्डात त्यानं चमेलीबाईंचं सिकलसेलच्या रक्तविकारानं सुजलेलं पोट असं दाबलं, की त्या कळवळल्या. वर्गातल्या दहा पोरांसमोर तो खेकसला, "ए बाई, चूप पडून राहा. शिकू दे आम्हाला."

दोन महिन्यांनी प्रॅक्टिकल परीक्षेसाठी पेशंट हवे होते. वॉर्डातल्या सिस्टरनं फोन केला तेव्हा चमेलीबाईंनी एवढंच विचारलं, "थो हेमेंद्र डाक्टर हाये का जी परीक्षेले? मंग येतो मी." केशोरीहून पहिल्या एसटीनं त्या हजर झाल्या. सिस्टरनं काय केलं कोण जाणे, हेमेंद्रला त्यांचाच बेड आला.

पोट तपासताना कुठं दुखतंय ते कळायला पेशंटच्या चेहऱ्याकडे बघायचं असतं. हा घड्याळाकडे बघत होता. चमेलीबाईंनी चादर मुठीत आवळली, पण हूं की चूं केलं नाही.

"कुठंच दुखत नाही, सर," त्यानं परीक्षकांना ठणकावून सांगितलं.

परीक्षकांनी नुसती बोटं टेकवली आणि चमेलीबाई किंचाळल्या.

"अहो, मग हा दाबत होता तेव्हा का नाही बोललात?"



"यानंच सांगतलं होतं जी, चूप पडून राहा, शिकू दे म्हणून. आता शिकला का, विचारा त्याले."