शुक्रवारची लाँच

आयरीन लाँचमध्ये चढली आणि सरळ मागे, सुकाणूजवळच्या फळीवर जाऊन बसली. तिने इकडेतिकडे पाहिलंही नाही. नाखवा उस्मान म्हणाला, "आ गई, सिस्टर?" आणि फळीवरचा दोरखंड उचलून त्याने तिला जागा करून दिली.

तिच्या नवऱ्याने, रॉबर्टने, ते पाहिलं. बर्फाच्या पेट्यांच्या आडोशाने तोही लाँचमध्ये शिरला आणि पुढच्या टोकाला, सौदीला जोडणाऱ्या नव्या पुलावर काम करणाऱ्या दोन मजुरांच्या मागे बसला.

सकाळी आयरीन घरातून निघाली ती युनिफॉर्म घालून. शुक्रवार असला तरी ड्युटी आहे, म्हणाली. गेल्या शुक्रवारीही ड्युटी होती. त्याच्या आधीच्याही. आज ती जिना उतरल्याबरोबर रॉबर्टने वॉर्डमध्ये फोन लावला. "आयरीन? फ्रायडेला तिला ऑफ असतो ना!" तिकडून कोणीतरी सहज सांगून टाकलं. ती बससाठी उभी होती तोवर त्याने टॅक्सी गाठली. बस हॉस्पिटलवरून पुढे निघून गेली आणि शेवटच्या थांब्यावर, सित्राच्या लाँचच्या धक्क्याशी रिकामी झाली.

लाँच सुटली. वाऱ्याने सगळे डोळे बारीक करून बसले होते. आयरीनने बूट काढून फळीखाली सरकवले, पाय वर घेतले. घरात ती अशी कधी बसत नसे. उस्मान तिला काही बोलला, ती हसली. रॉबर्टने त्या माणसाला नीट पाहून घेतलं. पन्नाशीचा असेल. पुढचे दोन दात नव्हते. हा नाही. हा फक्त निरोप पोचवणारा असेल.

समोरचं बेट जवळ आलं. पाच-पंचवीस घरं, खजुराची झाडं, वाळत घातलेली जाळी. धक्क्यावर काळा चष्मा लावलेला एक माणूस उभा होता, इस्त्रीचा शर्ट, हातात किल्ल्या फिरवत. लाँच टेकताच तो पुढे झाला. रॉबर्ट जागेवरून अर्धवट उठला. त्या माणसाने वाकून बर्फाच्या दोन पेट्या उतरवून घेतल्या, गाडीत टाकल्या आणि तो निघून गेला.

मजूर उतरले. बुरखेवाल्या दोन बायका उतरल्या. आयरीन उतरली नाही. ती उतरेना म्हणून रॉबर्टही उतरला नाही. लाँचमध्ये तिघंच उरले.

"भाई, उतरना नहीं?" उस्मानने हाक मारली.

आयरीनने मान वळवली. रॉबर्टला पाहून ती दचकली नाही. फक्त पाय खाली घेतले आणि बूट घालायला लागली.

तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "कोण आहे?"

"कुठे?"

"इथे. कोणाला भेटायला येतेस?"

"कोणाला नाही."

"मी मूर्ख वाटलो तुला? युनिफॉर्म घालून, खोटं बोलून, समुद्र ओलांडून बाई कोणाला नाही म्हणून येते?"

"उतरतच नाही मी," आयरीन म्हणाली. "याच लाँचने परत जाते. उस्मानला विचार."

उस्मानला मराठी कळत नव्हतं, पण आपलं नाव कळलं, आणि नवराही ओळखू आला. तो इंजिन पुसायचं थांबला. "सच बात है, भाई. सिस्टर आती है, बैठती है, जाती है. पहले दिन मुझे भी शक हुआ." तो जरा घुटमळला. "मैं समझा, पानी में कूदेगी. इसीलिए अपने पास बिठाता हूँ. हाथ पहुँचे इतना पास."

रॉबर्ट फळीवर बसला. पाणी अगदी खाली होतं, हिरवं, तळाची वाळू दिसेल इतकं नितळ. त्याने आयरीनचं मनगट धरलं. "उडी मारणार होतीस?"

"नाही रे. त्याचं काहीतरीच." ती पुन्हा हसली, मघासारखीच. "तो दर वेळी विचारतो, नवरा मारतो का. मी सांगते, चांगला आहे."

"मग घरी काय कमी आहे तुला?"

"काहीच नाही. मम्मी आहे, तुझे भाऊ-वहिनी फिलिप-बेनिटा आहेत, त्यांची मुलं आहेत, तू आहेस. वॉर्डमध्ये पेशंट आहेत. सगळे आहेत."

"आणि इथे?"

"इथे कोणी नसतं."

रॉबर्टने तिचं मनगट सोडलं. एखादं नाव तिने घेतलं असतं तर काय करायचं हे त्याने टॅक्सीतच ठरवलं होतं. नाव नव्हतं. परतीचे उतारू यायला लागले तसा तो एकेकाला न्याहाळू लागला. मासळीची टोपली घेतलेला म्हातारा. दोन शाळामास्तर. ट्रान्झिस्टर कानाला लावलेला पोलीस. त्यातल्या कोणाकडे तिची नजर जाते ते तो पाहत होता. तिची नजर पाण्यावर होती.

"यल्ला, चलो," म्हणत उस्मानने इंजिन सुरू केलं.

अर्ध्या वाटेवर रॉबर्टचा राग जरा निवला. लाज वाटली, आणि त्याहून जास्त कणव आली. तो तिच्याजवळ सरकला, तिच्या खांद्यावर हात टाकला.

"रडू नको," तो म्हणाला. ती रडत नव्हती. "मला सांगायचं होतंस. आता एकटीने यायचं नाही. पुढच्या शुक्रवारपासून मी येत जाईन तुझ्याबरोबर. दर शुक्रवारी."

तेव्हा कुठे आयरीनचा चेहरा पकडली गेल्यासारखा झाला.