हातभर मासा

गळाला मासा लागला की साहेबराव तो आधी बायकोच्या, सरजाबाईच्या हातावर ठेवायचे. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरला तरच घरी, नाहीतर पुन्हा तलावात. "लेकरू हाय, वाढू दे," म्हणायचे. हाताला वास लागतो म्हणून ती दरवेळी कुरकुरायची आणि दरवेळी हात पुढं करायची.

साहेबराव गेल्यापासून गळाची काठी आढ्यालाच टांगलेली होती. या रविवारी मुलानं, आदर्शनं ती खाली काढली, तशी सरजाबाईही त्याच्यामागं तलावावर आली.

दुपारी रोहू लागला. आदर्शनं खिशातून टेप काढला.

"टेप कशाला रं? माझा हात हाय की."

त्यानं मासा तिच्या हातावर ठेवला.

"असं न्हाई. खालून कोपराला हात लाव. तुझा बाप लावायचा तसा."

आदर्शनं तिचं कोपर तळव्यात धरलं. रोहूचं शेपूट तिच्या बोटांच्या पुढं चांगलं वीतभर लोंबत होतं.

सरजाबाईनं कोपर त्याच्या तळव्यात तसंच राहू दिलं.

"लहान हाय," मग म्हणाली. "सोड त्याला. दुसरा धर."